पहिल्या वर्षी हात काय शिकतात

नीटच्या प्रश्नपत्रिकेत १८० प्रश्न असतात. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. त्यांच्या जोरावर वैद्यकीय महाविद्यालयात पोचलेल्या मुलीला नेफ्रॉनची आकृती न बघता काढता येते, हृदयाच्या झडपांची नावं झोपेतून उठवलं तरी सांगता येतात. पण घरी आजीला घेरी आली, तर तिच्या मनगटावर नाडी नेमकी कुठे शोधायची आणि सापडल्यावर काय मोजायचं, हे तिला ठाऊक असेलच असं नाही. दोन वर्षं तिने चार पर्यायांतून एक निवडण्याचा सराव केला. जिवंत शरीराला हात लावून काही ताडून पाहण्याचा प्रसंग त्या तयारीत आलाच नाही.

आरोग्यसेवेच्या शिक्षणाचं पहिलं वर्ष इथून सुरू होतं. एमबीबीएस असो, बीएस्सी नर्सिंग असो, फिजिओथेरपी असो, सुरुवातीच्या विषयांची नावं साधारण तीच असतात: शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र. मुलांच्या तोंडी ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेम. बीएएमएसला तेच रचना शारीर आणि क्रिया शारीर या नावांनी येतं. महाराष्ट्रात या साऱ्यांच्या पदवी परीक्षा बहुतांशी एकच विद्यापीठ घेतं, १९९८ साली नाशिकला स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ.

वसतिगृहात सिनियर नव्या मुलांना सांगतात, ‘फर्स्ट इयर एकदा काढून टाक, खरं मेडिसिन पुढेच आहे.’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो आणि तो मोठं नुकसान करतो. दुसऱ्या माणसाच्या शरीराला हात लावण्याचा अधिकार समाज फार थोड्या लोकांना देतो. तो हात जाणता असावा, मोजमापाला पक्का असावा, स्वच्छ असावा आणि परवानगी घेऊन पुढे यावा, एवढी अपेक्षा त्या बदल्यात असते. या चारही गोष्टींचा पाया पहिल्या वर्षात घातला जातो. तिथे तो कच्चा राहिला, की पुढे कितीही बारीक शस्त्रक्रिया शिकली तरी ती उणीव कुठेतरी डोकं वर काढते.

डिसेक्शन हॉलमध्ये शिरताच आधी जाणवतो फॉर्मॅलिनचा वास. डोळे चुरचुरतात, नाक वाहतं, एप्रनला बसलेला वास धुतल्यावरही जाता जात नाही. देह कुजू नये म्हणून हे रसायन वापरतात, पण त्यातला फॉर्मल्डिहाइड वायू २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत गणला. तेव्हा खेळती हवा आणि हातमोजे ही तिथली चैन समजू नये, ती गरज आहे. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना या पद्धतीच्या कितीतरी आधीची एक पद्धत शिकायला मिळते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात देह गवताने गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री बुडवून ठेवायला सांगितलं आहे. मग वाळ्यासारख्या मुळ्यांच्या कुंचीने थरामागून थर हळूहळू खरवडत आतले भाग डोळ्यांनी पाहायचे.

आजच्या हॉलमध्ये एका टेबलाभोवती दहा-पंधरा मुलं उभी असतात, कित्येक ठिकाणी त्याहून जास्त. बरेचदा सुरुवात हातापासून होते, म्हणजे छातीचा वरचा भाग, काख, दंड. पुस्तकातल्या चित्रात धमनी लाल, शीर निळी, चेता पिवळी असते. समोरच्या देहात मात्र सगळं एकाच करड्या-तपकिरी रंगाचं, चरबीत आणि पातळ पडद्यांत गुरफटलेलं असतं. रंग मदतीला येत नाही तेव्हा बोटं कामाला लागतात. धमनीची भिंत जाड, दाबून सोडली की पुन्हा गोल होते. शीर पातळ, चपटी पडते. चेता भरीव आणि ताठ, दोरीसारखी बोटाखाली सरकते. हे तीन स्पर्श ज्याला एकदा कळले त्याला पुढे शस्त्रक्रियागृहात, रक्ताने भरलेल्या जागेत, काय कापायचं आणि काय वाचवायचं हे ओळखण्याची सुरुवात तरी झालेली असते.

चित्रांवरून एक आठवण सांगण्याजोगी आहे, कारण तिचा मुंबईशी आणि साताऱ्याशी थेट संबंध आहे. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ हा जगप्रसिद्ध ग्रंथ १८५८ साली लंडनमध्ये निघाला. मजकूर हेन्री ग्रे यांचा. मुखपृष्ठावर त्यांचं नाव ठळक राहिलं आणि १८६१ साली अवघ्या ३४व्या वर्षी देवीच्या आजाराने ते गेले. पण ग्रंथ ज्यामुळे विद्यार्थ्यांच्या मनात बसला ती चित्रं दुसऱ्या हेन्रींची, हेन्री व्हँडाइक कार्टर यांची. दोघांनी मिळून विच्छेदनं केली आणि कार्टरनी ती कागदावर उतरवली. प्रत्येक स्नायूचं, धमनीचं नाव त्या त्या भागावरच लिहायची त्यांची रीत होती. आकडे टाकून खाली यादी द्यायची नाही. विद्यार्थ्याची नजर चित्रावरून हलू नये, ही त्यामागची शिक्षकाची दृष्टी. पुस्तक निघालं त्याच वर्षी कार्टर भारतीय वैद्यकीय सेवेत दाखल होऊन मुंबईला आले आणि १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवू लागले. पुढे ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. कुष्ठरोगाचा त्यांनी अभ्यास केला, आणि अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायाला होणाऱ्या मायसेटोमा या बुरशीच्या रोगावर १८७४ साली ग्रंथ लिहिला. चित्रं काढून पक्की झालेली नजर त्यांनी इथल्या माणसांच्या पायांकडे वळवली. आपल्या वैद्यकीय इतिहासात या माणसाला मिळते त्याहून बरीच मोठी जागा मिळायला हवी.

आताची मुलं मात्र ग्रे क्वचित उघडतात. त्यांच्या हातात असते ग्वाल्हेरच्या बी. डी. चौरसियांची ‘बीडीसी’. परीक्षेला ती पुरते, चित्रं सोपी असतात. तरी कुठलंही पुस्तक एका गोष्टीत अपुरं पडतंच, आणि ती गोष्ट म्हणजे माणसामाणसांतला फरक. तुम्ही आत्ता करून पाहू शकता. अंगठा आणि करंगळीची टोकं एकमेकांना लावा आणि मनगट थोडं आत वाकवा. बऱ्याच जणांच्या मनगटाच्या मधोमध एक बारीक कंडरा वर उचललेली दिसेल. ती पामॅरिस लाँगस या स्नायूची. पण काहींना ती दिसणार नाही, कारण त्यांच्यात तो स्नायूच नसतो. काहींना एका हातात असतो, दुसऱ्या हातात नसतो. नसल्याने हाताची ताकद जाणवण्याइतकी कमी होत नाही, म्हणून तर दुसरीकडे तुटलेली कंडरा जोडताना शल्यविशारद हीच काढून वापरतात. एका टेबलावरच्या देहात धमनी पुस्तकाप्रमाणे फुटते, शेजारच्या टेबलावर ती भलत्याच जागी फाटा देते. मुलं टेबलं बदलून एकमेकांचे देह पाहतात तेव्हा शरीर म्हणजे छापील आकृती नव्हे, हे शिक्षकाला सांगावं लागत नाही.

याच ज्ञानावर साधी सुई अवलंबून असते. नितंबात इंजेक्शन द्यायचं तर त्या भागाचे मनातल्या मनात चार भाग पाडून वरच्या-बाहेरच्या भागातच द्यायचं, हे नर्सिंगच्या मुलीला घोकून शिकवलं जातं. कारण खालच्या-आतल्या बाजूने सायॅटिक ही शरीरातली सर्वांत जाड चेता जाते. सुई किंवा औषध तिला लागलं, तर पाऊल वर उचलता येईनासं होतं, माणूस पाय फरफटत चालू लागतो. लहान बाळाच्या नितंबात स्नायू पुरेसा भरलेला नसतो, म्हणून त्याला मांडीच्या बाहेरच्या बाजूला देतात. ज्या मुलीने ती चेता स्वतःच्या बोटांनी मोकळी करून तिची जाडी पाहिली आहे, तिला हा नियम पाठ करावा लागत नाही. वाईट वाटतं ते याचं, की नर्सिंगच्या बऱ्याच महाविद्यालयांत रचनाशास्त्र तक्ते आणि प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींवर भागवलं जातं. सुया तर पुढे त्याच सर्वांत जास्त टोचणार असतात.

हे देह येतात कुठून, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात येतो आणि तो उघडपणे विचारला गेला पाहिजे. ग्रे आणि कार्टर यांनी ज्यांच्यावर काम केलं ते लंडनच्या गरिबांचे देह होते. रुग्णालयांत आणि गरीबगृहांत मेलेल्या, कुणी न्यायला न आलेल्या माणसांचे. १८३२च्या ब्रिटिश कायद्याने ते महाविद्यालयांना देता येत. आपल्याकडे १९४९च्या शरीररचना कायद्याने बेवारस देह महाविद्यालयांकडे सोपवण्याची वाट घालून दिली. म्हणजे कित्येक वर्षं ज्यांना जिवंतपणी डॉक्टर परवडला नाही, त्यांनीच डॉक्टर घडवले, आणि त्यांची संमती कुणी घेतलेली नव्हती. देहदानाने हे चित्र बदलतं आहे. दान दिलेल्या देहामागे एक माणूस असतो, ज्याने विचार करून सही केली आणि घरच्यांना पटवलं. ज्यांना देहदान करायचं आहे त्यांनी जवळच्या महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज भरावा. पण अर्जापेक्षाही घरच्यांशी बोलणं महत्त्वाचं, कारण मृत्यूनंतर फोन त्यांनाच करावा लागतो आणि तोही काही तासांत. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लागतो. शवविच्छेदन झालेला किंवा काही संसर्गजन्य आजार असलेला देह सहसा स्वीकारत नाहीत. नेत्रदान आधी करता येतं.

२०१९ साली एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला तेव्हा वृत्ती, नीती आणि संवाद शिकवणारा एक धडा-संच सर्व महाविद्यालयांत सक्तीचा झाला. त्यातला पहिल्या वर्षाचा एक घटक मृतदेहाला पहिला शिक्षक मानून लिहिलेला आहे. अनेक ठिकाणी आता विच्छेदनाआधी मुलं उभी राहून शपथ घेतात: या देहाचा मान राखू, त्याची चेष्टा करणार नाही, फोटो काढणार नाही. मोबाईलच्या काळात यातलं शेवटचं वचन सर्वांत निकडीचं आहे.

फिजिओलॉजीच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला भेटणारा पहिला रुग्ण तो स्वतःच असतो. स्पिरिटने पुसलेल्या बोटावर लॅन्सेट टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा नळीत ओढायचा. हिमोग्लोबिन मोजायची साहलीची पद्धत फार जुनी आहे. ०.०२ मिलिलीटर रक्त सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मिसळायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग शेजारच्या काचेशी रंग जुळेपर्यंत थेंबथेंब पाणी घालायचं. आज रुग्णालयांत हे काम यंत्र करतं. तरीही मुलांनी हे एकदा हाताने करावं, असं माझं ठाम मत आहे. रक्त नीट येत नाही म्हणून बोट पिळलं, तर ऊतींमधला द्रव रक्तात मिसळतो आणि हिमोग्लोबिन आहे त्याहून कमी भरतं. ही चूक ज्याने केली आणि शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडून पकडली, तो पुढे कुठल्याही अहवालावरचा आकडा वाचताना तो आकडा कसा काढला गेला याचा विचार करतो.

शिवाय या प्रयोगात मुलींना स्वतःबद्दल काही कळतं. प्रौढ, गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने ते रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के या रेषेखाली सापडल्या. पहिल्या वर्षाच्या वर्गात बसलेल्या मुली त्याच देशातून, त्याच स्वयंपाकघरांतून आलेल्या असतात. आकडेवारीतली स्त्री आपणच, हे जर्नलात लिहिताना कळणं हे या विषयाने दिलेलं मोठं शिक्षण आहे. चांगली शिक्षिका त्या दिवशी लोहाच्या गोळ्यांबद्दल आणि जेवणाबद्दल चार वाक्यं बोलल्याशिवाय वर्ग सोडत नाही.

रक्तगटाचा प्रयोग सगळ्यांचा आवडता. काचपट्टीवर निळा, पिवळा आणि बिनरंगी असे तीन द्रव, प्रत्येकात रक्ताचा थेंब, आणि काही क्षणांत गुठळ्या दिसतात किंवा दिसत नाहीत. ए आणि बी दोन्हींत गुठळी नाही, म्हणून मुलं ‘ओ’ लिहून मोकळी होतात. इथेच मुंबईची गोष्ट सांगायला हवी. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशी माणसं आढळली, ज्यांचं रक्त या चाचणीत ओ दिसत होतं पण ओ गटाचं रक्त त्यांना चालत नव्हतं. ए आणि बी या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात तो एच नावाचा पदार्थच त्यांच्या पेशींवर नव्हता. ओ गटाच्या पेशींवर तो भरपूर असतो, आणि या माणसांच्या रक्तात त्याच्या विरुद्ध प्रतिपिंडं असतात. त्यामुळे ओ रक्त चढवलं तर जिवावर बेतावं. जगभरच्या पुस्तकांत हा गट ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. भारतात त्याचं प्रमाण साधारण दहा हजारांत एक सांगतात. तो पकडायचा तर माणसाच्या पेशींबरोबर त्याचा सीरमही तपासावा लागतो, म्हणजे ज्ञात ओ पेशींशी तो गुठळी करतो का हे पाहावं लागतं. अर्धी चाचणी करून उत्तर लिहायचं नाही, हा धडा या एका प्रयोगाइतका स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच मिळतो.

रक्तदाब मोजणं वरकरणी सोपं. फुगवायचा पट्टा रिव्हा-रोची यांनी १८९६ साली आणला, त्याखाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायची युक्ती रशियातल्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली सांगितली. पण माणूस जिना चढून आला असेल, बोलत असेल, हात अधांतरी धरला असेल किंवा जाड दंडाला अरुंद पट्टा बांधला असेल, तर आकडा उगाच चढतो आणि कुणाच्या तरी नशिबी आयुष्यभराची गोळी येते. पाऱ्याच्या यंत्रावर रेषा दोन-दोन अंतराने असतात, म्हणून वहीत १२५ दिसला की परीक्षक थांबून विचारतात, ‘ही रेष कुठे दिसली?’ मुलाने अंदाजाने लिहिलेलं तिथे उघडं पडतं. त्याहून सार्वत्रिक खोड म्हणजे सगळे आकडे शून्यावर आणून ठेवणं. वॉर्डातल्या तक्त्यांवर ओळीने १२० आणि ८० दिसतात. ही सवय पहिल्या वर्षी मोडली नाही तर नंतर ती मोडायला कुणाला वेळ नसतो.

बायोकेमबद्दल थोडक्यात. लघवीत बेनेडिक्टचा द्रव घालून तापवला आणि निळ्याचा विटकरी लाल झाला, की साखर आहे. चयापचयाची चक्रं पाठ करताना मुलं रडकुंडीला येतात आणि परीक्षेनंतर विसरतात. मधुमेहाने घरोघर पाय रोवलेल्या आपल्यासारख्या देशात साखरेच्या वाटेवरूनच सगळा विषय शिकवला, तर तो टिकेल.

आता स्वच्छ हाताविषयी. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला एक कोडं छळत होतं. तिथे प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका मरत. मग त्यांचे सहकारी कोलेत्श्का शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या सुरीने जखमी होऊन वारले, आणि त्यांच्या शरीरात बाळंतिणींच्या शरीरात दिसणाऱ्याच खुणा सापडल्या. सेमेलवाइसना उलगडा झाला. विद्यार्थी विच्छेदनगृहातून थेट प्रसूतीकक्षात येत होते. त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये शंभरात १८ बाळंतिणी मरत होत्या, जूनमध्ये हा आकडा दोनाच्या आसपास आला. वैद्यकीय विद्यार्थ्याचा हात रोग वाहून नेतो, हे सांगणारी ही नोंद प्रत्येक डिसेक्शन हॉलच्या बेसिनवर लावावी अशी आहे.

हात धुणं शिकवण्यात नर्सिंगचा अभ्यासक्रम एमबीबीएसच्या पुष्कळ पुढे आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१च्या नव्या रचनेत बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्याच सत्रात रचना आणि क्रियाशास्त्राबरोबर मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि ‘नर्सिंग फाउंडेशन’ हा विषय येतो. साबणाने ४० ते ६० सेकंद, बोटांच्या मधल्या बेचक्या, अंगठा, नखांची टोकं अशा क्रमाने हात धुण्याची परीक्षा घेतली जाते आणि टप्पा चुकला तर गुण जातात. मग येतं बिछाना घालणं. बाहेरच्याला हे किरकोळ वाटतं. पण चादरीची एक सुरकुती पडून राहिलेल्या रुग्णाच्या पाठीखाली दिवसभर रुतते आणि तिथे जखम होते. अशा रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची असते. रुग्ण बिछान्यात असतानाच चादर कशी बदलायची, त्याला कुशीवर वळवताना आपली कंबर कशी सांभाळायची, त्याचं अंग उघडं पडू नये म्हणून काय आधी झाकायचं, हे सारं क्रमाने शिकवलं जातं.

यातलं मला सर्वांत आवडणारं कसब आहे श्वास मोजण्याचं. ‘आता तुमचा श्वास मोजते’ असं सांगितलं की माणूस जाणूनबुजून श्वास घेऊ लागतो आणि आकडा बिघडतो. म्हणून नर्सिंगची विद्यार्थिनी नाडी मोजून झाल्यावरही मनगट सोडत नाही. बोटं तशीच ठेवून नजर छातीच्या हालचालीवर नेते आणि तो एक मिनिट निमूट मोजते. रुग्णाला काही कळत नाही, आकडा खरा मिळतो. परवानगी आधी घेतलेली असते, ‘तपासते हं काका’ एवढ्या शब्दांत. शरीरशास्त्र, मानसशास्त्र आणि माणुसकी या साध्या कृतीत एकत्र आलेली आहेत.

एमबीबीएसच्या बाजूनेही काही बदललं आहे. २०१९पासून पहिल्या वर्षाच्या तोंडाशी फाउंडेशन कोर्स आला. तेव्हा तो महिनाभराचा होता, पुढे आटोपशीर केला गेला. त्यात प्रथमोपचार, हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचा सराव, रुग्णालयाचा कचरा कुठल्या रंगाच्या पिशवीत किंवा डब्यात टाकायचा, हे शिकवतात. शरीराचे अवयव आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, सुया आरपार जाऊ न देणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. सुई चुकीच्या पिशवीत गेली तर ती सफाई कामगाराच्या हातात घुसते, हे ज्याला पहिल्या आठवड्यात कळलं तो पुढे तिच्याकडे दुर्लक्ष करत नाही.

त्याच कोर्समध्ये परराज्यांतून आलेल्या मुलांना स्थानिक भाषेची तोंडओळख करून देतात. हे तास मुलं टाळायला बघतात, आणि तिथेच चुकतात. विदर्भातल्या रुग्णालयात एखादी बाई ‘जीव घाबरा होतो’ म्हणते तेव्हा ती धडधडीबद्दल बोलते आहे की भीतीबद्दल, हे पुढचे दोन प्रश्न विचारल्याशिवाय कळत नाही, आणि ते दोन प्रश्न विचारायला मराठी यावी लागते. उलट, मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना इंग्रजी पुस्तकांचा डोंगर चढायचा असतो. त्यांच्या वाट्याला पहिल्या सहा महिन्यांत जी धास्ती येते तिची दखल फार थोडे विभाग घेतात. वर्गात मराठीतून समजावून सांगायला शिक्षकाने लाजू नये. मूळ संज्ञा इंग्रजीत ठेवून मधलं सगळं स्पष्टीकरण मुलाच्या भाषेत दिलं तर परीक्षेत काही उणं पडत नाही.

रुग्णाच्या घरापर्यंत पहिल्या वर्षीच जाण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकाराने सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय निघालं. तिथे आलेली मुलं आधी आश्रमात राहून श्रमदान करतात आणि पुढे एका खेड्यात मुक्काम करून तिथल्या काही कुटुंबांशी जोडली जातात. आता राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक योजना सर्वच महाविद्यालयांना लागू केली आहे. चांगली राबवली तर विद्यार्थ्याला दिसतं की रक्तदाबाची गोळी आणायला एसटीने तालुक्याला जावं लागतं आणि म्हणून ती महिन्यातून दहा दिवसच घेतली जाते. वाईट राबवली तर बसमधून उतरून अर्ज भरले जातात आणि घरातल्या बायका तेच प्रश्न पुन्हा ऐकतात.

सगळ्याला वेळ कुठून आणायचा, हा खरा पेच आहे. १९९७पर्यंत एमबीबीएसचं पहिलं सत्र दीड वर्षाचं होतं. मग ते वर्षभराचं झालं. विषय तेवढेच राहिले, वर फाउंडेशन कोर्स, संवाद, गावभेटी आल्या. त्यातून कापला गेला तो विच्छेदनाचा आणि प्रयोगांचा वेळ, कारण लेखी परीक्षेचे गुण कुणी कमी करायला तयार नाही. परीक्षेच्या वेळी ‘स्पॉटर्स’ असतात: टेबलावर दोरा बांधलेली रचना, घंटा, उत्तर, पुढचं टेबल. ओळखण्याचा हा सराव उपयोगी आहे. पण रुग्णाशी बोलणं, हात धुणं, रक्तदाब नीट घेणं यांची परीक्षा तेवढ्याच कडकपणे झाली पाहिजे. ज्याला गुण नाहीत ते मुलं करत नाहीत.

एक गोष्ट तर उद्यापासून करता येईल. बहुतेक मोठ्या रुग्णालयांच्या आवारात वैद्यकीय आणि नर्सिंग अशी दोन्ही महाविद्यालयं असतात, आणि दोन्हींकडची मुलं चार वर्षं एकाच आवारात राहून एकमेकांना ओळखतही नाहीत. एमबीबीएसच्या प्रत्येक पहिल्या वर्षाच्या गटाने आठवडाभर सकाळच्या पाळीला वॉर्डातल्या वरिष्ठ सिस्टरांच्या हाताखाली काम करावं. बिछाने घालावेत, टीपीआरचे, म्हणजे ताप, नाडी, श्वासाचे तक्ते भरावेत, रुग्णाला कूस बदलून द्यावी आणि त्या कामाची नोंद सिस्टरांच्या सहीने जर्नलात यावी. नर्सिंगच्या गटाने त्याच आठवड्यात डिसेक्शन हॉलमध्ये येऊन सायॅटिक चेता, काखेतला चेतांचा जुडगा आणि मनगटातली धमनी स्वतः चाचपून पाहावी. याला नवी इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. दोन्ही महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी एकत्र बसून वेळापत्रकात जागा काढली आणि मेट्रन बाईंना आधी विश्वासात घेतलं, की पुढची बॅच येईल तेव्हा हे सुरू करता येईल.